टाकाऊ दगडातून सोनं काढणारा ग्लासगोचा केमिस्ट: जॉन स्टुअर्ट मॅकआर्थर

एक टन दगड म्हणजे किती? एखादा ‘छोटा हत्ती’ टेम्पो भरेल एवढा ढीग. आता समजा, या ढिगात मिळून एक तोळा सोनं आहे. पण ते गोळ्यासारखं एका जागी नाही, चमकणाऱ्या रेषेसारखंही नाही. ते इतक्या बारीक कणांत विखुरलंय की भिंग लावलं तरी बहुतेक वेळा दिसणार नाही.

सोनं आहे हे नक्की. प्रश्न एवढाच, की ते काढायला त्याच्या किमतीपेक्षा कमी पैसे लागतील का?

खर्च जास्त येत असेल तर तो नुसता दगड आहे, आणि खर्च कमी येत असेल तर ती खाण आहे. खाणकामातलं सगळं अर्थकारण या एका फरकावर उभं असतं. आणि हा फरक जगभरात एका फटक्यात बदलून टाकणारा माणूस ना खाणमालक होता, ना सोनं शोधत रानोमाळ भटकणारा साहसी. तो स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात वाढलेला, चौदा-पंधराव्या वर्षी कामाला लागलेला एक केमिस्ट होता. त्याचं नाव जॉन स्टुअर्ट मॅकआर्थर.

आज जगात खाणीतून निघणाऱ्या नव्या सोन्यापैकी बहुतांश सोनं मॅकआर्थरने उभ्या केलेल्या पद्धतीच्या कुठल्या ना कुठल्या रूपातूनच बाहेर येतं. तरी खाण आणि धातूंच्या क्षेत्राबाहेर त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

राखेतून तांबं काढण्याची शाळा

मॅकआर्थरचा जन्म ९ डिसेंबर १८५६ चा, ग्लासगोच्या हचसनटाउन भागातला. कामगारांची दाट वस्ती, कारखान्यांची धुरांडी असा तो परिसर. १८७१ मध्ये तो थार्सिस सल्फर अँड कॉपर कंपनीच्या प्रयोगशाळेत उमेदवार म्हणून लागला.

ही कंपनी काय करत होती हे समजून घेतलं, तर मॅकआर्थरने पुढे जे केलं त्याचं मूळ सापडतं. कंपनीच्या खाणी दक्षिण स्पेनमध्ये होत्या. तिथून पायराइट हे गंधक आणि लोखंड असलेलं खनिज ब्रिटनमध्ये यायचं. रसायनांचे कारखाने ते जाळून त्यातल्या गंधकापासून गंधकाम्ल बनवायचे. मागे उरायची राख. आणि कंपनीची खरी हुशारी होती ती या राखेत. राखेत थोडं तांबं असायचं. ती मिठाबरोबर भाजायची, पाण्यात धुवायची, तांबं पाण्यात उतरवायचं आणि मग त्या पाण्यात भंगार लोखंड टाकायचं, की तांबं लोखंडावर जमा होतं. त्याच राखेत चांदीचा आणि सोन्याचाही किंचित अंश असायचा.

म्हणजे दुसऱ्याने वापरून टाकलेला माल घ्यायचा, हवा तो धातू पाण्यात विरघळवायचा आणि स्वस्तातल्या दुसऱ्या धातूच्या मदतीने तो पाण्यातून परत खेचायचा. मॅकआर्थरने ऐन घडण्याच्या वयात रोज हेच पाहिलं. त्याच्या नंतरच्या शोधाकडे बघताना हे सारखं आठवत राहतं, कारण साचा तोच आहे. फक्त तांब्याच्या जागी सोनं आलं आणि लोखंडाच्या जागी जस्त.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. सराफ बाजारात दुकानांतला केर, भट्टीची राख, गटारातला गाळसुद्धा विकत घेऊन धुणारे झारेकरी असतात. धुण्याचा खर्च आणि निघणारं सोनं यांचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. मॅकआर्थरने हाच हिशेब डोंगराएवढ्या ढिगांसाठी मांडला.

पारा आणि क्लोरीन, दोघांचीही अडचण

१८८० च्या दशकात सोनं काढायच्या मुख्य पद्धती मोजक्याच होत्या.

नदीच्या वाळूतलं सोनं पाण्याने धुऊन निघायचं, कारण सोनं जड असतं आणि तळाशी बसतं. दगडातल्या सोन्यासाठी पारा वापरायचे. दगड अवजड लोखंडी मुसळांखाली कुटायचा, त्याचा लगदा पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहू द्यायचा. सोन्याचे कण पाऱ्याला चिकटतात. मग पारा उडवून लावला की सोनं हाती येतं. पद्धत स्वस्त आणि सोपी. पण सोन्याचा कण पाऱ्याला प्रत्यक्ष शिवायला हवा, ही तिची अट. कण फारच बारीक असेल किंवा पायराइटच्या आत दडलेला असेल, तर तो पत्र्यावरून तसाच वाहून जातो. खाणीमागे साठणाऱ्या भुकटीच्या ढिगात असं कितीतरी सोनं पडून राहायचं.

दुसरा उपाय क्लोरीनचा. क्लोरीन सोन्याला विरघळवतो. ऑस्ट्रेलियातल्या माउंट मॉर्गनसारख्या श्रीमंत खाणीत तो उत्तम चालला. पण त्यासाठी आधी खनिज भट्टीत भाजून त्यातलं गंधक घालवावं लागतं, म्हणजे इंधन आलं. शिवाय क्लोरीन हा भुकेला वायू. तो सोन्याची वाट बघत बसत नाही, समोर येईल त्या धातूला खातो. टनाला एक तोळा सोनं असलेल्या दगडात तो बाकीच्याच गोष्टींवर खर्ची पडतो. श्रीमंत खनिजाला हा खर्च परवडायचा, गरीब खनिजाला नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या काळात सोन्याचा भाव बाजारात चढत-उतरत नव्हता. चलनच सोन्याला बांधलेलं असल्यामुळे शुद्ध सोन्याच्या एका औंसाला साधारण सव्वाचार पौंड हा भाव ठरलेला होता. तांब्याच्या किंवा कोळशाच्या खाणमालकाला भाव वाढण्याची आशा तरी असायची. सोन्याच्या खाणमालकाला तीही नव्हती. नफा वाढवायचा तर खर्च कमी करणं, एवढाच रस्ता.

१८८४ मध्ये ग्लासगोत कॅसल गोल्ड एक्स्ट्रॅक्टिंग कंपनी निघाली ती याच स्वप्नावर. हेन्री कॅसल याची पद्धत होती विजेच्या साहाय्याने जागेवरच क्लोरीन तयार करून सोनं विरघळवण्याची. वीज तेव्हा नवलाईची होती, लोकांनी शेअर घेतले. पण पद्धत प्रत्यक्षात चालली नाही. कंपनीकडे भांडवल होतं, नाव होतं, फक्त विकण्यासारखी पद्धत नव्हती. मॅकआर्थर या कंपनीच्या संपर्कात आला तो अशा वेळी.

हातात आलेलं सोनं फेकून दिलं तेव्हा

रॉबर्ट आणि विल्यम फॉरेस्ट हे दोघे भाऊ ग्लासगोच्या गॉर्बल्स भागात डॉक्टरकी करायचे. त्यांच्या दवाखान्याच्या तळघरात मॅकआर्थर आणि हे दोघे मिळून प्रयोग करू लागले. पद्धत सरळ होती. सोनं असलेली भुकटी घ्यायची, तिच्यावर एकेक रसायन टाकून बघायचं आणि द्रावणात सोनं उतरलं का ते तपासायचं.

सोनं उतरलं का हे कसं कळणार? त्यासाठी ते द्रावणात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडायचे. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू. क्लोरीनमध्ये विरघळलेलं सोनं असेल तर या वायूने काळसर साका खाली बसतो. साका बसला की सोनं आहे, नाही बसला की नाही. झटपट आणि बिनखर्चाची चाचणी.

१८८६ च्या अखेरीस त्यांनी सायनाइडही वापरून पाहिलं. वायू सोडला. साका बसला नाही. नोंद झाली: उपयोग नाही. आणि ते पुढच्या रसायनाकडे वळले.

खरं तर सायनाइडने त्याचं काम केलेलं होतं. सोनं द्रावणात उतरलेलं होतं. पण सायनाइड आणि सोनं यांची गाठ इतकी घट्ट असते की हायड्रोजन सल्फाइड ती सोडवू शकत नाही. म्हणजे चूक रसायनाची नव्हती, चाचणीची होती.

जवळपास वर्षभर ते दुसऱ्या रसायनांच्या मागे राहिले. मग १८८७ च्या शरद ऋतूत जुन्या प्रयोगांकडे पुन्हा बघताना त्यांनी उलटीकडून हिशेब केला. द्रावणात काय आलं हे बघण्याऐवजी मागे उरलेल्या भुकटीत किती सोनं शिल्लक आहे ते मोजलं. भुकटीत सोनं जवळजवळ नव्हतंच. भुकटीत नाही आणि द्रावणातही दिसत नाही, तर गेलं कुठे? उत्तर एकच असू शकत होतं.

१९ ऑक्टोबर १८८७ रोजी मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंच्या नावे ब्रिटिश पेटंटचा अर्ज दाखल झाला.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणालाही हा प्रसंग सांगून बघावा. नकारात्मक निकाल आला की पदार्थावर शंका घेतली जाते, चाचणीवर फार क्वचित.

विष, पण पातळ

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सायनाइडमध्ये सोनं विरघळतं हा मॅकआर्थरचा शोध नाही. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ शेले याने ते अठराव्या शतकातच पाहिलं होतं. रशियातल्या बाग्रातिओन नावाच्या सरदाराने १८४० च्या दशकात त्यावर लिहिलं. एल्स्नर या जर्मन संशोधकाने १८४६ मध्ये या क्रियेला हवेतला ऑक्सिजन लागतो हे दाखवलं. बर्मिंगहॅमचे एल्किंग्टन तर १८४० पासून सायनाइडच्या द्रावणातून भांड्यांवर सोन्या-चांदीचा मुलामा चढवत होते. मुलामा देणाऱ्या आपल्याकडच्या कारागिरांनाही हे द्रावण अनोळखी नाही. अमेरिकेत खनिजासाठी सायनाइड वापरण्याची पेटंटंही आधी घेतली गेली होती.

मग मॅकआर्थरने नवीन काय केलं?

त्याने द्रावण पातळ केलं. इतकं पातळ, की शंभर भाग पाण्यात सायनाइड एका भागाहूनही कमी.

ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटते, पण सगळी मेख इथेच आहे. तीव्र सायनाइड खनिजातल्या तांबं, जस्त अशा इतर धातूंवरही तुटून पडतं आणि स्वतः संपून जातं. क्लोरीनचा दोष तोच. पण द्रावण अगदी पातळ ठेवलं तर ते तुलनेने जास्त करून सोन्या-चांदीलाच धरतं आणि बाकीच्यांना बरंचसं सोडून देतं. म्हणजे रसायन कमी लागतं आणि तरीही सोनं जास्त निघतं. महाग रसायन स्वस्त पद्धतीचा भाग बनलं ते असं.

आणि अनेक प्रकारचं खनिज भाजायची गरज उरली नाही, भट्टीचा आणि इंधनाचा खर्च वाचला. दळलेली वाळू मोठ्या टाक्यांत भरायची, वरून हे पातळ द्रावण सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं आणि खालून गाळून घ्यायचं. कॉफीच्या फिल्टरसारखंच, फक्त टाक्या घराएवढ्या.

आता द्रावणातून सोनं परत कसं मिळवायचं? हायड्रोजन सल्फाइड तर हरलेला. इथे मॅकआर्थरने जस्त निवडलं. पण जस्ताचा तुकडा टाकून भागत नाही, कारण पृष्ठभाग फार कमी मिळतो. त्याने जस्त लेथवर फिरवून त्याचा बारीक, केसासारखा कीस काढला आणि तो पेट्यांमध्ये सैलसर भरला. सोन्याचं द्रावण त्या किसातून वाहू लागलं, की जस्त विरघळतं आणि सोनं काळ्या चिखलासारखं त्याच्यावर बसतं. तो चिखल धुवायचा, वितळवायचा, की पिवळी लगड तयार. या जस्ताच्या युक्तीचं पेटंट १८८८ मध्ये घेतलं गेलं.

धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर हा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा होता. सोनं विरघळवणं आधीही अनेकांना जमलं होतं. ते हजारो लिटर पातळ पाण्यातून परवडेल अशा खर्चात परत आणणं कुणाला जमलं नव्हतं.

न्यूझीलंडमध्ये परीक्षा, जोहान्सबर्गमध्ये जीवदान

खाणीच्या पातळीवर ही पद्धत पहिल्यांदा उभी राहिली ती न्यूझीलंडमध्ये, करंगाहाके इथल्या क्राउन खाणीत, १८८९ साली. त्या भागातलं सोनं अत्यंत बारीक. पाऱ्याने त्याचा मोठा हिस्सा वाया जायचा. सायनाइड तिथे चाललं आणि शेजारच्या वाइही खाणीसह सगळ्या पट्ट्याचं नशीब पालटलं.

पण जगाचं लक्ष वेधलं ते दक्षिण आफ्रिकेने.

विटवॉटर्सरँडवर १८८६ मध्ये सोनं सापडलं आणि जोहान्सबर्ग हे शहर माळरानावर उगवलं. तिथला सोन्याचा थर मैलोन्मैल पसरलेला, अगदी भरवशाचा, पण गरीब. टनामागे साधारण तोळा-दोन तोळ्यांचा हिशेब. वरच्या थरातलं खनिज ऊन-पावसाने कुजलेलं होतं, त्यातलं सोनं मोकळं झालं होतं. तोवर पारा पुरला. पण खाणी शे-दीडशे फूट खाली गेल्या आणि न कुजलेलं, पायराइटने भरलेलं निळसर खनिज लागलं. पाऱ्याच्या पत्र्यांवर हाती येणारं सोनं घसरलं. १८८९-९० मध्ये शेअरबाजार कोसळला, बँका अडचणीत आल्या, लोक शहर सोडून जाऊ लागले. जोहान्सबर्ग हे आणखी एक ओसाड खाणगाव होणार अशीच चिन्हं होती.

१८९० मध्ये मॅकआर्थरच्या पद्धतीची चाचणी तिथे सॅलिसबरी खाणीवर घेण्यात आली. आधी पाऱ्याखालून गेलेली, फेकून दिलेली भुकटी घेतली आणि तिच्यातलं बहुतेक सोनं बाहेर काढून दाखवलं.

या भुकटीचं अर्थशास्त्र बघण्यासारखं आहे. ती जमिनीतून काढण्याचा खर्च आधीच झाला होता. दळण्याचा खर्चही झाला होता. ती उघड्यावर पडून होती. आता खर्च उरला होता तो फक्त टाक्या, पाणी, सायनाइड आणि जस्त यांचा. कमी प्रतीच्या मालात पैसे मिळवायचे असतील तर सुरुवात अशा ढिगापासूनच करायची, हे तिथल्या प्रत्येक कंपनीच्या लक्षात आलं.

त्या पहिल्या वर्षी, १८९० मध्ये, रँडवर सायनाइडने काढलेलं सोनं तीनशे औंसही नव्हतं. १८९३ मध्ये ते तीन लाख औंसांच्या पुढे गेलं. १८९८ पर्यंत जगात निघणाऱ्या सोन्यातला जवळपास चौथा हिस्सा एकटा ट्रान्सवाल देत होता. शहर राहिलं, वाढलं. गांधीजींनी १९०३ मध्ये वकिलीचं कार्यालय थाटलं ते याच जोहान्सबर्गमध्ये.

पण स्वस्त पद्धतीने खाणींवरचा खर्चाचा दबाव संपला नाही. उलट, आता आणखी गरीब खनिज आणखी खोलवरून काढणं शक्य झालं आणि सोन्याचा भाव तर ठरलेलाच. रसायनातली बचत झाली, यंत्रांतली झाली, मग कात्री लागली मजुरीला. १८९० च्या दशकातच खाणमालकांनी एकत्र येऊन काळ्या मजुरांची मजुरी कमी केली. १९०४ ते १९०७ या काळात साठ हजारांहून जास्त चिनी मजूर करारावर आणले गेले. टनाला तोळाभर सोन्याची खाण फायद्यात चालते तेव्हा तो फायदा केवळ टाकीत तयार होत नाही, हे रँडच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं.

सगळ्यांना हवी असलेली पद्धत आणि नको असलेली रॉयल्टी

पद्धत जितकी यशस्वी, तितकी रॉयल्टी टोचू लागते. रँडवर पेटंटचे हक्क आफ्रिकन गोल्ड रिकव्हरी कंपनीकडे होते आणि सायनाइड वापरणाऱ्या प्रत्येक खाणीने तिला पैसे द्यायचे होते. खाणमालकांनी आधी भाव कमी करा म्हणून घासाघीस केली. मग ते कोर्टात गेले.

कोर्टात त्यांच्याकडे तयार दारूगोळा होता: शेले, बाग्रातिओन, एल्स्नर, एल्किंग्टन, जुनी अमेरिकन पेटंटं. सायनाइडमध्ये सोनं विरघळतं हे जगाला शंभर वर्षं माहीत आहे, मग पेटंट कसलं?

ब्रिटनमध्ये १८९५ च्या सुमारास अपील कोर्टाने पहिल्या पेटंटमधला दावा फार व्यापक ठरवला. दावा कुठल्याही सायनाइडसाठी केलेला होता, पातळ द्रावणापुरता नव्हता. नंतर कंपनीला दाव्यात दुरुस्ती करून तो पातळ द्रावणापुरता आणावा लागला. म्हणजे खरा शोध ज्या एका गोष्टीत होता, तीच मूळ कागदावर पुरेशा ठळकपणे आलेली नव्हती. पेटंट लिहिणाऱ्याने सगळंच कवेत घ्यायला जावं आणि नेमकं तेच हातातून सुटावं, अशातला हा प्रकार.

ट्रान्सवालमध्ये खटला जास्त तिखट झाला. नोव्हेंबर १८९६ मध्ये प्रिटोरियाच्या न्यायालयाने ही पेटंटं रद्द केली. जगातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका निकालाने फुकट वापरणारं झालं.

न्यूझीलंडने वेगळी वाट काढली. तिथल्या सरकारने १८९७ मध्ये दहा हजार पौंड देऊन हक्कच विकत घेतले आणि खाणींना कमी दरात वापरायला दिले.

निकाल कायद्याच्या चौकटीत चूक होता असं म्हणता येत नाही. जुनं ज्ञान खरंच उपलब्ध होतं. पण ते शंभर वर्षं उपलब्ध असूनही एकाही खाणमालकाने त्यातून टाकाऊ भुकटीतला एक औंससुद्धा परवडेल अशा खर्चात काढला नव्हता, हेही तितकंच खरं आहे.

सोन्यानंतर रेडियम

पेटंटं गेल्यावर मॅकआर्थरच्या हाती मोठी संपत्ती आली नाही. कॅसल कंपनीने मात्र वेळीच दिशा बदलली. पद्धतीवर हक्क नाही तर नाही, पद्धतीला लागणारं सायनाइड तर विकता येईल! कंपनी सायनाइडची मोठी उत्पादक झाली, नावातही सायनाइड आलं आणि पुढे ती आयसीआय या ब्रिटिश रसायन समूहात सामावली.

मॅकआर्थर मात्र अवघड, विरळ माल शोधतच राहिला. १९११ मध्ये त्याने रनकॉर्न इथे रेडियम वेगळं करण्याचा कारखाना काढला. सोन्याच्या खनिजात टनाला काही ग्रॅम सोनं तरी असतं. रेडियम टनाला काही मिलिग्रॅम, तेही खनिज चांगलं असेल तर. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा कारखाना स्कॉटलंडमध्ये लॉख लोमंडजवळ बॅलोख इथे हलवण्यात आला. अंधारात दिसणाऱ्या घड्याळांच्या आणि उपकरणांच्या तबकड्यांसाठी तेव्हा रेडियमला मागणी होती. या धातूचे शरीरावर काय परिणाम होतात, याची पुरती जाणीव तेव्हा कुणालाच नव्हती.

१६ मार्च १९२० रोजी ग्लासगोत मॅकआर्थरचं निधन झालं. तेव्हा तो ६३ वर्षांचा होता.

ढिगांचं पुढे काय झालं

आपल्या देशात त्याच्या पद्धतीची खूण बघायची तर कर्नाटकातल्या कोलारला जावं लागेल. सिनेमामुळे केजीएफ हे नाव आता घराघरांत पोहोचलंय. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिश कंपनीने सायनाइडची पद्धत आणली. खाणी २००१ मध्ये बंद झाल्या, पण गावाच्या कडेला राखाडी टेकड्यांसारखे ढीग अजून उभे आहेत. स्थानिक लोक त्यांना सायनाइड डंप म्हणतात. वारा सुटला की त्यांची धूळ वस्तीवर येते.

सायनाइड विषारी आहे हे वेगळं सांगायला नको. ऊन आणि हवा लागली की ते हळूहळू विघटित होतं, पण एकदम पाण्यात गेलं तर कहर करतं. ३० जानेवारी २००० रोजी रोमानियातल्या बाया मारे इथे धरणाचा बांध फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडमिश्रित पाणी नद्यांत गेलं. ते तिसा नदीतून हंगेरीत उतरलं, मासे टनावारी मेले. तो कारखाना जुन्या खाणींच्या टाकाऊ ढिगातून उरलंसुरलं सोनं काढण्यासाठीच उभा केलेला होता.

दरम्यान, पद्धत आणखी स्वस्त झाली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या नेवाडात टाक्याही वगळल्या गेल्या. खडबडीत फोडलेला दगड अस्तर घातलेल्या जमिनीवर रचायचा आणि वरून ठिबकसारखं सायनाइडचं पाणी सोडायचं. जस्ताऐवजी अनेक ठिकाणी सक्रिय कोळसा आला. टनाला जेमतेम एक ग्रॅम सोनं असलेला दगडही खनिज म्हणून मोजला जाऊ लागला.

आणि जोहान्सबर्गचे ते जुने पिवळे ढीग? त्यातल्या टॉप स्टार नावाच्या एका ढिगाच्या माथ्यावर कित्येक वर्षं गाडीत बसून सिनेमा बघायचं उघडं थिएटर चालत होतं. २००६ मध्ये ते बंद झालं. ढिगात सोनं फारच थोडं उरलेलं होतं, पण तोवर तेवढंही परवडत होतं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी सगळा ढीग चिखल करून धुऊन नेला आणि पुन्हा एकदा सायनाइडमध्ये घातला.